बाहुल्यांचे दप्तर

जुनी नाणी जमवणाऱ्याला समाज अभ्यासू म्हणतो, टपालाची तिकिटे जमवणाऱ्याला चोखंदळ म्हणतो, पितळी अडकित्ते आणि अत्तरदाण्या काचेआड मांडणाऱ्याच्या घरी पाहुणे कौतुकाने घटकाभर थांबतात. परंतु चाळिशी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाने किंवा गृहिणीने दिवाणखान्यातील कपाटात बाहुल्या ओळीने उभ्या केल्या, की त्याच पाहुण्यांच्या मुद्रेवर आधी विस्मय आणि पाठोपाठ थोडी कीव उमटते. बाहुली ही बालपणाची वस्तू, बालपण सरले की तिच्याशी असलेला संबंधही सरला, अशी आपली पक्की समजूत झालेली आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. नखशिखांत वस्त्रालंकार ल्यालेली बाहुली प्रथम राजदरबारांत, पेढ्यांवर आणि शिंप्यांच्या कारखान्यांत वावरली व त्यानंतर कितीतरी काळाने मुलींच्या खेळघरात आली. म्हणून प्रौढपणी बाहुल्यांचा संग्रह करणारा मनुष्य पोरपणाला चिकटून राहिलेला नसतो. माणसांच्या वेषाचे आणि मुद्रेचे जे दप्तर बाहुलीच्या रूपाने शिल्लक राहिले आहे, त्याची दप्तरदारी त्याने आपण होऊन पत्करलेली असते. ती कशी करतात आणि तिचे मोल काय, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील वेषाचा कायदा पॅरिसमध्ये ठरत असे, आणि तो अन्य मुलखांत पोहोचवण्याचे काम बाहुल्या करीत. पँडोरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लाकडी किंवा मेणाच्या बाहुल्यांत दोन प्रकार असत : मोठी पँडोरा दरबारी पोशाखात सजवलेली, छोटी घरगुती वेषातली. पॅरिसमधील सँ-ओनोरे रस्त्यावरच्या दुकानांतून त्या पेटीत घालून लंडनला आणि युरोपातील अन्य दरबारांकडे रवाना होत. तिकडच्या सरदारांच्या स्त्रिया आणि त्यांचे शिंपी ती पेटी उघडून झग्याचा घेर, बाहीची चुणी, कंबरेखालचा सांगाडा, अंतर्वस्त्रे आणि केशरचना यांची बारकाईने तपासणी करीत व त्याबरहुकूम कपडे बेतीत. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपलेले असतानाही या बाहुल्यांना सरहद्द ओलांडण्याचा परवाना मिळत असे, असे त्या काळच्या लिखाणात नमूद आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची वेशकार रोझ बेर्तँ हिनेही अशा सजवलेल्या बाहुल्या परदेशी पाठवल्या. पुढे वेषांची रंगीत चित्रे छापणारी नियतकालिके निघाली आणि बाहुलीची ही चाकरी हळूहळू संपुष्टात आली. परंतु चित्र वस्त्राची एकच बाजू दाखवते, आणि बाहुली मात्र पाठ, शिवण, अस्तर आणि घडी या चारही गोष्टींची रुजुवात करून देते, हा तिचा गुण चित्राला कधीच हिरावून घेता आला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील हुरे, झ्युमो, ब्र्यू या कारखान्यांनी स्त्रीरूपी बाहुल्या काढल्या, त्यांच्याबरोबर हातमोजे, छत्र्या, टोप्या आणि चोळ्या भरलेल्या लहान पेट्या दिल्या, आणि श्रीमंतांच्या मुलींना त्यातून पेहरावाचे शिक्षण मिळाले. या बाहुल्यांचे मस्तक बिस्कचे, म्हणजे चकाकी न चढवलेल्या चिनी मातीचे असे. पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतावयाची, साच्याने पाणी शोषले की त्याच्या अंगाला मातीचा एक थर धरतो, तो धरला की उरलेली माती बाहेर ओतावयाची, डोळ्यांच्या जागा कापून काढावयाच्या, भट्टीत भाजावयाचे. मग गालांचा रंग, भुवयांचे केस आणि ओठ कुंचल्याने काढून पुन्हा मंद आचेवर भाजावयाचे, म्हणजे तो रंग मातीशी एकजीव होतो. शतक उलटून गेल्यावरही या मुखांची कांती उतरत नाही, याचे कारण या दुसऱ्या भट्टीत आहे. जाणकार संग्राहक अशी बाहुली हाती घेतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर फार वेळ रेंगाळत नाही. तो तिचा केसांचा टोप अलगद उचलून मानेच्या मागील बाजूस कोरलेला साच्याचा क्रमांक आणि कारखान्याची खूण वाचतो, मस्तकात उजेड सोडून बारीक तडा गेला आहे काय हे पाहतो, आणि मगच किमतीचा शब्द काढतो.

या सुंदर परंतु एकाच ठशाच्या चेहऱ्यांविरुद्ध जर्मनीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी एक चळवळ उभी राहिली. १९०८ साली म्युनिकमध्ये मारिओन काउलित्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी ज्या बाहुल्या प्रदर्शित केल्या त्या खऱ्याखुऱ्या मुलांसारख्या दिसत होत्या : कोणी रुसलेले, कोणी विचारात पडलेले, कोणी हट्टाने ओठ दुमडलेले. वाल्टर्सहाउसेन येथील केमर अँड राइनहार्ट या कारखान्याने हा विचार उचलला आणि १९०९ पासून व्यक्तिमुद्रेच्या बाहुल्यांची मालिका काढली. तिच्यातील शंभर क्रमांकाचे बाळ पुढे सम्राटाचे बाळ म्हणून प्रसिद्धीस आले, वस्तुतः ते शिल्पकार आर्थर लेविन-फुंके याच्या मुलाच्या मुखावरून घडवले असल्याचे मानतात. ग्राहकांना मात्र गोड हसऱ्या बाहुल्यांचीच सवय असल्याने या मालिकेतील कित्येक गंभीर चेहरे दुकानांतून फारसे खपले नाहीत आणि त्यांचे साचे लवकरच बाजूला पडले. जे त्या वेळी नाकारले गेले तेच विरळ झाले. २०१४ साली लंडनच्या बोनहॅम्स या लिलावगृहात याच कारखान्याची, १९०९ च्या सुमाराची एक बाहुली २,४२,५०० पौंडांना विकली गेली. बाजाराने उशिरा का होईना, पण त्या रुसलेल्या मुलांना न्याय दिला.

प्रौढांनी प्रौढांसाठी केलेल्या बाहुल्यांचे सर्वांत हृद्य उदाहरण मात्र पॅरिसच्याच इतिहासात सापडते. १९४४ च्या ऑगस्टात ते शहर जर्मन अमलातून मुक्त झाले तेव्हा तेथे कोळसा नव्हता, अन्न नव्हते, कापडाची आणि दोऱ्याचीही टंचाई होती, आणि ज्या वेशकलेवर शहराची कीर्ती उभी होती ती कला जिवंत आहे हे जगाला दाखवावयास मनुष्याच्या मापाचे कपडे शिवणे अशक्य होते. तेव्हा वेशकार नीना रिची यांचा पुत्र रोबेर रिची याने बाहुल्यांच्या द्वारे वेषांचे प्रदर्शन भरवावे आणि त्याचे उत्पन्न युद्धपीडितांच्या साहाय्यास द्यावे, अशी तजवीज सुचवली. एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीने आकृती आखली, झाँ सँ-मार्तँ याने ती तारेत वळवली, आणि सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या, केवळ तारेच्या रेषांनी बनलेल्या दोनशेंवर बाहुल्या सिद्ध झाल्या. त्यांची प्लास्टरची मस्तके घडवणारा कॅटलन शिल्पकार झुआन रेबुल याने त्यांना रंगरंगोटी करू देण्यास नकार दिला. त्यामुळे ती मुखे शुभ्र आणि गंभीर राहिली व लक्ष वस्त्रांकडेच वेधले गेले. बालेन्सियागा, लुसियें लेलाँ, स्कियापारेली आदी वेशगृहांनी या तृतीयांश मापाच्या देहांवर जे कपडे चढवले त्यांची बटणे खरोखर लागत, झिपा खरोखर उघडत, हातातील पर्स उघडली तर आत चिमुकली सामग्री सापडे. क्रिस्तियाँ बेरार याच्या कलादिग्दर्शनाखाली १९४५ च्या मार्चमध्ये हे प्रदर्शन पॅरिसमध्ये उघडले आणि पुढे युरोपातील अनेक शहरे व अमेरिका फिरून आले. आज त्या बाहुल्या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल संग्रहालयात आहेत. टंचाईच्या काळात एका संपूर्ण शहराने आपली प्रतिष्ठा बाहुल्यांच्या खांद्यावर टाकली आणि बाहुल्यांनी ती पेलली, हे ज्याला ठाऊक आहे तो या वस्तूला पोरखेळ म्हणण्यास धजणार नाही.

आजच्या संग्राहकांपैकी बहुसंख्य ज्या बाहुलीपाशी प्रथम थांबतात ती बार्बी. तिचा जन्मही एका प्रौढांच्या बाहुलीपासून झाला. बिल्ड या जर्मन वृत्तपत्रात राइनहार्ड बॉयटिन हा १९५२ पासून लिली नावाच्या एका चतुर तरुणीची व्यंगचित्रे काढीत असे. १९५५ साली त्या पात्राची बाहुली निघाली आणि ती तंबाखूच्या दुकानांत मोठ्यांसाठी विकली जाऊ लागली. मॅटेल या अमेरिकन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रूथ हँडलर यांनी ती स्वित्झर्लंडच्या प्रवासात पाहिली. आपली मुलगी कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांची भूमिका देऊन खेळते, हे त्यांच्या ध्यानात आधीच आले होते. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात त्यांनी साडेअकरा इंच उंचीची बार्बी मांडली. किंमत तीन डॉलर. व्यापाऱ्यांनी नाके मुरडली, मुलींनी नाही. पहिल्या वर्षात सुमारे ३ लाख बाहुल्या विकल्या गेल्याचे सांगतात.

ती पहिली बार्बी संग्राहकांच्या भाषेत क्रमांक एकची, आणि तिच्याकडे डोळे जवळ नेऊन पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अंगात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, कपाळावर घट्ट कुरळ्या बटा, मागे उंच बांधलेली शेपटी, टोकदार कमानीच्या भुवया, आणि बुबुळांत रंगाचा लेशही नसलेले, तिरपे एका बाजूला वळलेले डोळे. या नजरेत तोऱ्याबरोबर किंचित संशयही आहे. तळपायांना दोन छिद्रे असून त्यांत तांब्याच्या नळ्या बसवलेल्या असतात, कारण तिचा आधार दोन खिळ्यांच्या बैठकीवर होता; ही व्यवस्था लवकरच बदलली, म्हणून तळपायाचे हे छिद्र हाच तिच्या अस्सलपणाचा मोठा दाखला ठरतो. तिची कातडी आज हस्तिदंतासारखी फिकट दिसते. कारखान्यातून ती अशी निघाली नव्हती. त्या पहिल्या व्हिनाइलमधील रंग कालांतराने उडून गेला. तिचे कपडे बेतले शार्लट जॉन्सन यांनी. जपानमध्ये बराच काळ राहून त्यांनी तेथील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांकडून नखाएवढी बटणे, रेशमी अस्तरे आणि चिमुकल्या झिपा लावून घेतल्या. त्या अस्तराची शिवण आतून जितकी नेटकी तितकीच बाहेरून आहे, हे ज्याने एकदा उलटून पाहिले त्याला या छंदाची ओढ का लागते हे सांगावे लागत नाही.

बार्बीच्या देहाच्या प्रमाणावर जी टीका झाली ती अस्थानी नव्हती, आणि २०१६ साली कंपनीने उंच, ठेंगण्या आणि भरल्या अंगाच्या बार्बी काढल्या, हे त्या टीकेचेच फळ होय. परंतु संग्राहकाने एक तांत्रिक गोष्टही ध्यानात ठेवावी. बाहुली मनुष्याच्या एकषष्ठांश मापाची असली तरी कापड एकषष्ठांश जाडीचे मिळत नाही. नेफा, अस्तर आणि चुण्या यांचे थर कमरेपाशी एकत्र आले की साधी कंबरही जाड दिसू लागते, आणि तिची कंबर बारीक ठेवण्यामागे हेही एक कारण असल्याचे तिच्या अभिकल्पकांनी सांगितले आहे. १९८० साली कृष्णवर्णीय चेहऱ्याची बार्बी निघाली, १९८२ साली देशोदेशींच्या मालिकेत लाल-सोनेरी वस्त्रातील भारतीय बार्बी निघाली, आणि पुढे आपल्याकडेही साडीतल्या बार्बी तयार होऊ लागल्या. परदेशातील संग्राहक त्या भारतीय बनावटीच्या बाहुल्या हौसेने शोधतात.

या छंदाचे स्वतःचे कायदे आहेत. काही संग्राहक खोके कधीही न उघडलेल्या बाहुलीलाच अव्वल मानतात, कारण त्यात केसांची जाळी, मनगटाचे बंध आणि खोक्यावरील चित्र हा सारा सरंजाम मूळ स्थितीत राहतो. काही जण ती बाहेर काढून तिला बसवल्या-उठवल्याशिवाय स्वस्थ होत नाहीत. काही जण मोडक्यातोडक्या बाहुल्या बाजारातून आणून त्यांचे केस नव्याने रोवतात, उडालेले ओठ पुन्हा रंगवतात. जपानने यात आणखी एक प्रकार रूढ केला. क्योटो येथील व्होल्क्स कंपनीने १९९९ साली काढलेली सुपर डॉल्फी ही रेझिनची, गोल सांध्यांची, आतून रबरी दोरीने ओवलेली बाहुली घेणाराच तिचे डोळे, केस आणि चेहऱ्याचे रंग ठरवतो. ब्लाइथ या मोठ्या डोक्याच्या बाहुलीची कथा याहून नवलाची आहे. १९७२ साली केनर या अमेरिकन कंपनीने काढलेल्या या बाहुलीच्या डोक्यामागची दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदले; मुली बिचकल्या आणि वर्षभरात तिचे उत्पादन थांबले. पुढे २००० साली छायाचित्रकार जिना गारान हिने याच टाकून दिलेल्या बाहुलीच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले, आणि दुसऱ्याच वर्षी जपानच्या ताकारा कंपनीने तिला पुनर्जन्म दिला. मुलांनी नाकारलेली बाहुली प्रौढांनी वाचवली.

नवशिक्याने दोन गोष्टींत सावध असावे. पहिली तारखेची. बार्बीच्या पाठीवर १९६६ असा आकडा कोरलेला पाहून अनेकांना ती साठ वर्षांपूर्वीची वाटते, परंतु तो आकडा त्या शरीराच्या साच्याच्या हक्कनोंदणीचा असून तोच साचा पुढे कित्येक दशके वापरात होता. वय ठरवावयाचे तर चेहऱ्याचा साचा, पापण्या, केसांची रोवणी आणि देशाचे नाव यांचा एकत्र विचार करावा लागतो. दुसरी गोष्ट पैशाची. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये खरा गुलाबी हिरा ल्यालेली एक बार्बी स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी लिलावात ३,०२,५०० डॉलरला गेली, अशा वार्ता ऐकून हा छंद व्याजबट्ट्याचा मार्ग समजणाऱ्याची निराशाच होते. १९९० च्या दशकात संग्रहासाठी म्हणून मुद्दाम काढलेल्या बाहुल्या घरोघर जपून ठेवल्या गेल्या, आणि सर्वांनीच जपल्यामुळे आज त्यांना म्हणावी तशी किंमत येत नाही. याउलट ज्या खेळून झिजल्या, भावंडांत भांडणे होऊन फाटल्या, त्यांच्यातील शाबूत राहिलेलीच दुर्मिळ झाली.

आपल्या देशात बाहुल्यांच्या संग्रहाचे सर्वांत मोठे स्थान दिल्लीस आहे, आणि तेही एका प्रौढाच्या वैयक्तिक ओढीतून उभे राहिले. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी मुलांसाठी ज्या स्पर्धा भरवल्या त्यांत बक्षीस म्हणून देण्यास हंगेरीच्या राजदूतांनी एक बाहुली दिली. ती पाहून शंकर यांना बाहुल्या जमवण्याचा छंद जडला आणि पत्रकार म्हणून परदेशी जाताना ते प्रत्येक ठिकाणाहून एखादी बाहुली आणू लागले. मुलांच्या चित्रांबरोबर गावोगावी त्यांची प्रदर्शने भरत. परंतु वारंवार बांधाबांध करताना बाहुल्या मोडत, तेव्हा त्यांना कायमचे घर असावे अशी सूचना इंदिरा गांधींनी केली, आणि ३० नोव्हेंबर १९६५ रोजी बहादूरशाह जफर मार्गावरील इमारतीत हे संग्रहालय सुरू झाले. सुमारे ८५ देशांतील साडेसहा हजारांच्या आसपास बाहुल्या तेथे आहेत. संग्रहालयाच्या स्वतःच्या कार्यशाळेत प्रांतोप्रांतीच्या वेषातील भारतीय बाहुल्या तयार होतात, त्या परदेशी जातात आणि त्यांच्या मोबदल्यात तिकडच्या बाहुल्या येतात. पँडोराची जुनी चाकरी येथे, स्नेहाच्या रूपाने, पुन्हा सुरू झालेली दिसते.

बाहुली मांडणे ही गोष्ट महाराष्ट्रालाही परकी नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पायऱ्यांवर गौरीभोवती चित्रे, खेळणी आणि बाहुल्या यांची आरास करण्याचा आपला शिरस्ता आहे. भाद्रपदात गौरींचे मुखवटे पेटीतून काढून, उभ्या सांगाड्यावर साडी चापूनचोपून नेसवणारे हात प्रौढांचेच असतात. त्या हातांना एकषष्ठांश मापाच्या बाहुलीला नऊवारी नेसवण्याचे काम द्यावे, म्हणजे मांडणीच्या कलेतील खरी अडचण कळते. हिशेब सोपा आहे : नऊ वारांचा सहावा हिस्सा दीड वार, आणि पन्ह्याचा सहावा हिस्सा सात ते आठ इंच. परंतु तेवढे लुगडे घेऊन नेसवू लागले, की निऱ्या खाली पडण्याऐवजी पंख्यासारख्या ताठ उभ्या राहतात आणि कासोटा मागे गाठोड्यासारखा फुगतो, कारण माप सहापट घटले तरी सूत तेवढेच जाड राहिले. म्हणून जाणते लोक धुवून धुवून विरलेली मलमल किंवा जुने पातळ रेशीम घेतात, न दिसणाऱ्या आतील वेढ्यांतून लांबी कमी करतात, निऱ्या आधी पाटावर टाचण्यांनी बसवून, ओलसर करून, वाळवून मगच कमरेला लावतात, आणि काठ असा निवडतात की सहा इंचांच्या काठाची छाया एका इंचात मावेल. पदर खांद्यावरून खाली आपल्या वजनाने पडला पाहिजे; तो पडत नसेल तर काठाच्या आत बारीक तार किंवा शिशाचा मणी दडवून तो पाडावा लागतो. इतके सारे जमले, म्हणजे ती साडेअकरा इंचांची आकृती एकाएकी अंगणात उभी राहिलेली कोणी ओळखीची स्त्री वाटू लागते.

मांडणीइतकेच मोल जतनाला आहे, आणि आपल्या हवेत ते अधिकच. प्रकाश कापडाचा रंग खातो, आणि ती हानी साठत जाते, परत फिरत नाही; म्हणूनच संग्रहालये वस्त्रांवरील उजेड ५० लक्सच्या आत ठेवतात, आणि घरच्या कपाटालाही खिडकीचे ऊन सरळ लागू देऊ नये. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले प्लास्टिसायझर वर्षांनुवर्षे पृष्ठावर पाझरतात आणि बाहुलीचे अंग चिकट होते. उष्णतेने हा पाझर वाढतो. जुन्या बार्बीच्या कानांतील तांबेमिश्रित धातू व्हिनाइलशी लागून हिरवा डाग धरतो, तो कानापासून गालापर्यंत उतरतो. तेव्हा कर्णभूषणे काढून वेगळ्या कागदी पुडीत, त्याच बाहुलीच्या नावाने ठेवावीत. गडद लाल किंवा काळे कापड अंगाला लागून राहिले तर त्याचा रंग कातडीत उतरतो, म्हणून मधे पांढऱ्या, अम्लमुक्त कागदाची पट्टी असावी. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत बुरशी आणि कसर या दोन शत्रूंपासून बचाव करताना पुष्कळ लोक डांबराच्या गोळ्या टाकतात. परंतु त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात, त्यामुळे सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि दर पंधरवड्यास कपाट उघडून प्रत्येक बाहुली उचलून पाहावी, हाच खात्रीचा बंदोबस्त. केस धुताना गरम पाणी, डाग काढताना बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम, असे उपाय सांगितले जातात. त्यातील मलमाने डागाबरोबर भोवतालचा रंगही उडू शकतो, हे ध्यानात ठेवून आधी न दिसणाऱ्या जागी थोडे लावून पाहावे.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची वस्तू एक साधी नोंदवही आहे. बाहुली कोठे मिळाली, कोणाकडून, केव्हा, मूळ कपड्यांतील कोणता जिन्नस हरवला आहे, कोणता बदलला आहे, दुरुस्ती कोणी केली, हा तपशील ज्या वहीत तारीखवार उतरला आहे तो संग्रह; जेथे तो नाही तेथे केवळ बाहुल्यांची गर्दी. अमेरिकेत १९४९ पासून बाहुली-संग्राहकांच्या मंडळांचा एक महासंघ काम करतो आहे, आणि तिकडच्या संग्राहकांना साच्यांचे क्रमांक व वर्षे इतकी बिनचूक सांगता येतात, याचे श्रेय अशा टिपणांना आहे. आपल्याकडे मात्र सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेली लाकडी खेळणी, आजीच्या पेटीतली लाकडी ठकी, चिंध्या भरून शिवलेली आणि काजळाने डोळे रेखलेली बाहुली यांच्या नोंदी क्वचितच कोणी ठेवल्या. ज्या घरात अशी एखादी बाहुली अजून आहे त्या घरातील वृद्ध स्त्रीला आजच विचारावे : ही कोणी केली, कोणाच्या लुगड्याच्या तुकड्याची, कोणत्या साली, कोणासाठी. उत्तर कागदावर उतरवून, त्यावर तारीख घालून तो कागद बाहुलीबरोबर ठेवावा. परदेशी बाहुली विकत घेण्यास पैसा लागतो आणि तिचा इतिहास बहुधा छापलेला मिळतो. या घरच्या बाहुल्यांचा इतिहास मात्र सांगणारी माणसे आहेत तोवरच मिळणार आहे, आणि तो मिळवणारा संग्राहक, त्याच्या कपाटात एकच बाहुली असली तरी, या छंदाच्या खऱ्या मानकऱ्यांत गणला पाहिजे.